शिक्का नसलेले जुने सागवानी फर्निचर : ओळख आणि विक्री

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरच्या हिंदू कॉलनीतील सासऱ्यांचे घर पुनर्विकासासाठी रिकामे करायचे आहे. घरात वेताच्या दोन आरामखुर्च्या, निमुळत्या पायांचा साइडबोर्ड (जेवणघरातले बुटके, लांबट कपाट), खणांचे लिहिण्याचे टेबल आणि गोल आरशाचे ड्रेसिंग टेबल आहे. यांपैकी कशावरही बनवणाऱ्याचे नाव किंवा शिक्का नाही. जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याने सगळ्याचा मिळून उक्ता भाव सांगितला आहे. पुतण्याने मात्र इंटरनेटवरची चित्रे पाहून खुर्च्या ‘डॅनिश’ किंवा ‘चंदीगडच्या’ आहेत आणि त्यांचे लाखो रुपये येतील, असे सांगितले आहे. कोणाचे खरे मानावे, आणि विक्री कशी करावी?

माझे उत्तर असे की, दोघांपैकी कोणाचेही इतक्यात मानू नका. व्यापाऱ्याने वस्तू तपासून भाव सांगितलेला नाही, आणि पुतण्याने केवळ आकार पाहून नाव ठरवले आहे. जुन्या फर्निचरची दुरुस्ती आणि विक्री हाच माझा व्यवसाय आहे, आणि मुंबईतील घरांतून निघणाऱ्या फर्निचरच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : बनवणाऱ्याचे नाव शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा वस्तूचा काळ, लाकूड, कामाचा दर्जा आणि ती तुमच्या घरात आल्याचा पुरावा या चार गोष्टी निश्चित कराव्यात. त्या दाखवता आल्या, तर नाव नसतानाही चांगला भाव मिळतो. त्या दाखवता आल्या नाहीत, तर मोठ्यात मोठे नाव लावूनही जाणकार ग्राहक पैसे देत नाही.

शिक्का नसणे हे मुळात संशयाचे कारणच नाही. साधारण १९३५ ते १९७० या काळात गिरगाव, दादर, माटुंगा, पार्ले या भागांत जे नवे संसार उभे राहिले, त्यांतले बरेचसे फर्निचर मिस्त्रीकडून सांगून करवून घेतलेले होते. शेजाऱ्याच्या घरी पाहिलेली खुर्ची, परदेशी मासिकातले एखादे चित्र किंवा मोठ्या दुकानाच्या खिडकीत दिसलेले टेबल दाखवून ‘असे करून द्या’ असे सांगितले जाई, आणि मिस्त्री आपल्या हाताच्या सवयीप्रमाणे त्यात फेरफार करी. अशा कामावर कोणी नाव घालत नसे. दुकानांची कागदी लेबले असत, पण दमट हवा, झुरळे आणि वेळोवेळी केलेले पॉलिश यांपुढे ती क्वचितच टिकली. त्याच काळातल्या पोलादी कपाटावर मात्र नाव आणि कुलपाचा क्रमांक हमखास सापडतो, कारण ते कारखान्यातून आलेले असते. गोदरेजने पोलादी कपाटे करायला १९२३ मध्येच सुरुवात केली होती. लाकडी आणि पोलादी फर्निचरला एकच कसोटी लावणे म्हणूनच चुकीचे ठरते.

काळ ठरवताना इंग्रजी मार्गदर्शिका जशाच्या तशा वापरू नयेत, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. हाताने कापलेले डव्हटेल (पारव्याच्या शेपटीसारख्या दात्यांचे) सांधे, एकाच सरळ खाचेचे स्क्रू आणि लाखेचे पॉलिश दिसले की वस्तू फार जुनी, असे त्यांत लिहिलेले असते. युरोप-अमेरिकेत ते बऱ्याच अंशी लागू पडते. आपल्याकडे हे तिन्ही प्रकार पुढेही कितीतरी वर्षे चालू राहिले आणि काही कारागिरांकडे आजही चालू आहेत. इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) या मापांचेही तसेच आहे. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी सुतार आजही ‘दोन इंच, तीन सूत’ असेच माप सांगतो. तेव्हा पाटाची जाडी बरोबर एक इंच भरली, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

त्याऐवजी प्रत्येक भागाला ‘तू कोणत्या वर्षाच्या आधीचा असू शकत नाहीस?’ असे विचारावे. सर्वांत उपयोगी उत्तर चिकटवण्याच्या पदार्थाकडून मिळते. फेव्हिकॉल बाजारात आला तो १९५९ मध्ये. त्याआधी आपले सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस गरम करून वापरत. टेबलाचा खण पूर्ण बाहेर काढा आणि आतल्या कोपऱ्यात ओघळून वाळलेला थेंब शोधा. तो मधासारखा तपकिरी, काचेसारखा ठिसूळ असेल आणि कोमट पाण्याचे बोट लावल्यावर पुन्हा चिकट होत असेल, तर तो सरस आहे. तो रबरासारखा दबत असेल आणि ओला झाल्यावर पांढुरका होत असेल, तर तो फेव्हिकॉलच्या जातीचा आहे. अर्थात १९५९ नंतर सगळ्या मिस्त्रींनी एका दिवसात सरसाचे भांडे टाकून दिले नाही. शिवाय मूळच्या सरसाच्या सांध्यावर नंतरच्या दुरुस्तीत फेव्हिकॉल चढलेला मी नेहमी पाहतो. म्हणून एकच सांधा पाहून निष्कर्ष काढू नये, निदान चार-पाच ठिकाणी पाहावे. सगळीकडे सरस असेल, तर ‘१९६० च्या आसपास किंवा त्याआधीचे असावे’ असे म्हणायला आधार मिळतो.

खण बाहेर काढलाच आहे, तर त्याच्याकडे आणखी थोडा वेळ पाहा, कारण या प्रकारच्या फर्निचरमध्ये सर्वांत जास्त माहिती खणातच असते. तळाची फळी सागाची आहे की प्लायवुडची? प्लायवुड आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वीपासून होते, त्यामुळे ते दिसले म्हणून वस्तू नवी ठरत नाही. पण मागच्या किंवा तळाच्या भागात एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) दिसले, तर तो भाग कधीतरी नंतर बदललेला आहे, किंवा सगळी वस्तूच अलीकडची आहे. खणाच्या बाजूची खालची कड हाताने चाचपा. अनेक वर्षे सरकवलेल्या खणाची कड मागच्या बाजूला जास्त झिजते, आणि टेबलाच्या ज्या पट्टीवर ती सरकते तिलाही तितकीच खोल वाट पडलेली असते. एकाची झीज दिसते आणि दुसऱ्याची दिसत नाही, असे असेल तर दोहोंपैकी एक भाग नवा आहे. शेवटी खणाच्या मागच्या फळीवर पेन्सिलीच्या खुणा शोधा. मिस्त्री खण आणि त्याचा खाना यांवर जुळते आकडे घालत, पुष्कळदा गुजराती आकड्यांत, कारण मुंबईतले कितीतरी सुतार गुजरात-काठियावाडातून आलेले होते. आकडे जुळत असतील तर सगळे खण मूळचेच आहेत, हे ग्राहकाला फोटोतून दाखवता येते. कधी दोन नंबरचा खण तीन नंबरच्या खान्यात गेलेला असतो आणि घरातले लोक ‘तो खण नेहमी अडकतोच’ असे वर्षानुवर्षे सांगत असतात. त्यांची अदलाबदल केली की दोन्ही खण सुरळीत चालतात.

खुर्च्या उलट्या करून बैठकीच्या चौकटीची खालची बाजू पाहा. चौकटीच्या कडेने एका ओळीत भोके पाडलेली असतील आणि प्रत्येक भोकातून वेत ओवून जाळी विणलेली असेल, तर ते हाताचे विणकाम आहे. भोकांच्या ऐवजी वरच्या बाजूने खोबण असेल आणि तयार जाळी तिच्यात दाबून वर पट्टी बसवलेली असेल, तर ती यंत्रावर विणलेली जाळी आहे. वेत स्वतः मूळचा असण्याची शक्यता कमी असते, कारण वापरातली बैठक काही वर्षांनी पुन्हा विणावीच लागते. म्हणून मी वेतापेक्षा भोकांकडे पाहतो. भोकांच्या कडा वेताच्या घर्षणाने गुळगुळीत आणि काळपट झाल्या असतील, तर चौकट खरोखर जुनी आहे. नव्याने ‘जुनी’ केलेल्या खुर्चीत या कडा धारदार आणि आतून फिकट असतात. रंग लावून बाहेरची बाजू काळी करता येते, पण अरुंद भोकाच्या आतली झीज सहसा कोणी नक्कल करत बसत नाही.

लाकडाविषयी लोकांना सर्वांत जास्त उत्सुकता असते, आणि सर्वांत जास्त चुकीची विधानेही त्याविषयीच होतात. साग ओळखणे फार अवघड नाही. न दिसणाऱ्या जागी पातीने किंचित खरवडले, तर सोनेरी तपकिरी रंग, स्पर्शाला तेलकटपणा आणि कातड्यासारखा विशिष्ट वास येतो. शिसव त्याहून जड, जांभळट काळी आणि गडद रेघांची असते. जुन्या जंगलातला साग सावकाश वाढलेला असल्यामुळे त्याच्या आडव्या छेदात वर्तुळांच्या रेघा दाट दिसतात, तर लागवडीच्या कोवळ्या सागात त्या विरळ असतात. यापुढे जाऊन प्रत्येक जण ‘बर्मा टीक’ म्हणतो, तेथे मात्र थांबावे. ब्रह्मदेशाचा साग आणि अल्लापल्ली, बल्लारशा किंवा दांडेलीचा साग हे एकाच जातीचे वृक्ष आहेत, आणि तयार, पॉलिश केलेल्या वस्तूत नुसत्या डोळ्यांनी त्यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडून येणारा माल तुटला होता, त्यामुळे युद्धाच्या वर्षांतल्या फर्निचरला सरसकट ‘बर्मा’ म्हणणे तर विशेषच धाडसाचे आहे. बिलावर तसे लिहिलेले असेल तरच लिहावे, नाहीतर ‘जुना साग’ हे दोन शब्द पुरेसे आहेत. आरशाच्या बाबतीत ‘बेल्जियम काच’ या शब्दांनाही हाच नियम लावावा.

पॉलिशसाठी एक सोपी चाचणी आहे. कापसाच्या बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन पायाच्या आतल्या बाजूला हलकेच लावा. थोड्याच वेळात पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे, म्हणजे आपण ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतो ते आहे. काहीच झाले नाही, तर त्यावर नंतरच्या काळातले मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) हे कृत्रिम पॉलिश चढलेले असण्याची शक्यता जास्त. लाखेचे पॉलिश सापडले म्हणून ते पहिलेच असेल असे मात्र नाही, कारण घरात लग्नकार्य निघाले की पॉलिशवाल्याला बोलावण्याची आपली पद्धत होती.

आता कागदपत्रे. वस्तू हलवण्यापूर्वी प्रत्येक खणात अंथरलेले वर्तमानपत्र, आरशाच्या मागचा पुठ्ठा आणि साइडबोर्डाच्या मागची फळी तपासा. खणातल्या कागदाची तारीख वस्तू बनल्याची तारीख नसते, पण तो कागद अंथरलेला असताना वस्तू अस्तित्वात होती एवढे ती सांगते, आणि घरातल्या जुन्या फोटोशी जुळली तर तिचे वजन वाढते. जुने बिल मिळाले तर उत्तमच. रक्कम रुपये-आण्यांत असेल तर बिल बहुधा १९५७ च्या आधीचे आहे, कारण दशमान नाणी त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून आली. ‘नये पैसे’ असे छापलेले असेल तर ते १९५७ ते १९६४ यांच्या दरम्यानचे किंवा फार तर त्यानंतर लगेचचे. पत्त्यात ‘मुंबई १४’ असा नुसता विभागाचा आकडा असेल आणि सहा आकडी पिन कोड नसेल, तर ते १९७२ पूर्वीचे असण्याची शक्यता मोठी आहे. सासऱ्यांच्या लग्नातला किंवा मुलाच्या बारशाचा एखादा फोटो, ज्यात ही खुर्ची मागे दिसते आहे, तो माझ्या दृष्टीने शिक्क्याइतकाच मोलाचा आहे. घरात वयस्कर मंडळी असतील, तर ‘हे कोणी केले, कोठे केले, कोणत्या साली आणले’ हे त्यांच्याकडून आजच लिहून घ्या.

पुतण्याने सुचवलेल्या नावांविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. पन्नास-साठच्या दशकांत डेन्मार्कच्या खुर्च्यांची धाटणी जगभर पसरली. निमुळते पाय, पुढे उतरत गेलेले हात आणि हलकी पाठ ही तिची लक्षणे मुंबईच्या मिस्त्रींनीही उचलली. सागाची, हाताने विणलेल्या वेताची आणि इंच-सुताच्या मापातली खुर्ची मुंबईतच बनलेली असण्याची शक्यता खूपच जास्त आहे. तिला ‘डॅनिश धाटणीची, बहुधा मुंबईत केलेली’ म्हणावे. त्यात तिचा काही अपमान नाही. या शहराच्या स्वतःच्या फर्निचरकडे आज जाणकारांचे लक्ष वळू लागले आहे, आणि त्याला परदेशी नाव चिकटवणे हा त्या अनाम कारागिरांवर अन्याय आहे, असे मी मनापासून मानतो.

चंदीगडचे प्रकरण अधिक गंभीर आहे. चंदीगड शहराची आखणी करणारे वास्तुशिल्पी ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ आणि सहकारी वास्तुशिल्पी पिएर जानरे १९५१ ते १९६५ या काळात तेथे होते. सरकारी इमारती आणि पंजाब विद्यापीठ यांच्यासाठी त्यांनी आणि यूली चौधरी यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी आखलेले साग-वेताचे फर्निचर अनेक स्थानिक कारखान्यांतून बनवले गेले. ते पुढे सरकारी लिलावात भंगाराच्या भावाने विकले गेले आणि नंतर परदेशातील लिलावांत प्रचंड किमतींना पोहोचले. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडच्या या वारशाची विक्री आणि निर्यात रोखण्याबाबत आदेश काढला. या फर्निचरवर खात्याची अक्षरे आणि आकडे रंगाने उमटवलेले असत, पण तशी अक्षरे आज कोणालाही उमटवता येतात, आणि उलट्या ‘व्ही’ आकाराच्या पायांच्या नव्या प्रती बाजारात भरपूर आहेत. सरकारी कार्यालयातून ती खुर्ची तुमच्या घरी कशी आली, याचा लिलावाच्या पावतीसारखा कागद असल्याशिवाय ‘चंदीगड’ हा शब्द जाहिरातीत वापरू नका. दादरच्या घरात सासऱ्यांनी आणलेली खुर्ची चंदीगडहून येण्याचे मला तरी काही कारण दिसत नाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये सुरू झाली आणि अमेरिकी फर्निचर-रचनाकार जॉर्ज नाकाशिमा यांच्या रचनांचे फर्निचर तेथे केले गेले. तुमच्या कुटुंबातील कोणाचा त्या संस्थेशी प्रत्यक्ष संबंध असेल, तरच त्या दिशेने चौकशी करावी.

विक्रीआधी एक काम अजिबात करू नका, ते म्हणजे पॉलिश. पॉलिश पेपर मारून नवी चकाकी आणली की सांध्यांतली जुनी धूळ, हाताच्या स्पर्शाने आलेला रंग आणि पेन्सिलीच्या खुणा जातात, आणि वर सांगितलेला सगळा पुरावा त्यांच्याबरोबर जातो. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. खालून बारीक पिवळट भुसा पडत असेल तर कीड लागलेली आहे. ती वस्तू इतरांपासून वेगळी ठेवा आणि ग्राहकाला आधीच सांगा.

व्यापाऱ्याने सांगितलेल्या उक्त्या भावाकडे पाहताना त्याची बाजूही ध्यानात घ्या. त्याला हमाली, टेम्पो, गोदामाचे भाडे आणि दुरुस्ती सोसून माल महिनोन्महिने ठेवावा लागतो. त्यामुळे दुकानातल्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी भाव तो देत असेल, तर ती लबाडी नाही. पण उक्त्या भावात चांगली वस्तू सामान्य वस्तूच्या आड दडते, आणि त्याला हवे असते तेच. प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा मागा. तो कोणत्या वस्तूवर अडून बसतो, यावरूनच तुम्हाला पुष्कळ कळेल. चोर बाजारातील मटण स्ट्रीट आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार येथे जाऊन तशाच वस्तूंच्या सांगितलेल्या किमती पाहून या, मात्र सांगितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत अंतर असते हे विसरू नका.

तुमच्या यादीपैकी दोन खुर्च्या जोडीनेच विकाव्यात, कारण जोडीला एकट्या खुर्चीच्या दुपटीपेक्षा अधिक मागणी असते. त्यांचे आणि साइडबोर्डाचे योग्य ग्राहक म्हणजे इंटिरियर डिझायनर आणि स्वतःचे घर लावणारी तरुण मंडळी. लिहिण्याचे टेबल चित्रपट-मालिकांच्या सेटसाठी सामान पुरवणारेही घेतात, पण ते भाव कमी देतात. सॅफ्रनआर्ट किंवा अस्तागुरू यांच्यासारख्या लिलावगृहांना फोटो पाठवायला हरकत नाही, तथापि त्यांचा कल ज्ञात रचनाकार आणि दुर्मीळ वस्तू यांच्याकडे असतो. परदेशातल्या नातेवाइकांना एखादी वस्तू हवी असेल, तर आधी लाकूड नक्की करा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची निर्यात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंद आहे, तो प्रश्न तुमच्या फर्निचरला येत नाही. पण शिसवीच्या जातीची लाकडे २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि त्यांच्या मोठ्या वस्तूंना कागदपत्रे लागतात. सागाला ती अडचण नाही.

जाहिरातीचा मजकूर कसा असावा, याचा नमुना देतो : “साइडबोर्ड, जुना साग, मागची फळी प्लायवुडची. बनवणारा अज्ञात, बहुधा मुंबई, अंदाजे १९५५ ते १९६०. आतील सांधे सरसाचे. खण मूळचे, जुळते आकडे फोटोत दाखवले आहेत. उजव्या दाराची बिजागरी बदललेली. वरच्या फळीवर पाण्याचा गोल डाग. एकाच कुटुंबात वापरलेला, १९६१ चा घरातील फोटो उपलब्ध.” यात खात्री आणि अंदाज वेगळे ठेवलेले आहेत आणि दोष लपवलेले नाहीत. अर्थात तुमच्या साइडबोर्डात जे सापडेल तेच लिहा. सोबत लांबी, रुंदी, उंची द्या, आणि उजेडात काढलेले खालच्या बाजूचे, सांध्यांचे आणि दोषांचे फोटो समोरच्या फोटोंइतकेच काळजीपूर्वक काढा.

व्यवहार करताना, पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगणाऱ्या ग्राहकाशी बोलणे तेथेच थांबवा, कारण पैसे स्वीकारायला यांतले काहीच लागत नाही. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय वस्तू जिन्यावरून खाली जाऊ देऊ नका, आणि विक्रीची चिठ्ठी करून तिच्यावर वर्णन तेच लिहा जे जाहिरातीत लिहिले होते. ड्रेसिंग टेबलाचा आरसा मिस्त्रीकडून आधी सोडवून घ्या, तो घोंगडीत गुंडाळून उभाच न्यायला सांगा, आणि आरसा काढला की त्याच्या मागच्या फळीचा फोटो घ्यायला विसरू नका. ती जागा आजवर कोणी पाहिलेली नसते, आणि दुकानाचे लेबल टिकून राहिले असेल तर बहुधा तेथेच सापडते.